पाणीवाल्यांचा कोट

९ जानेवारी

ताईचं म्हणणं, मी फोनवर फार बोलतो आणि तेच तेच बोलतो. "लिहून काढ रे, कागद कंटाळत नाही," म्हणाली. थोरली बहीण आहे, तिला बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून ही वही काढली. दुकान बंद केलं तेव्हा मापांच्या तीन कोऱ्या वह्या उरल्या होत्या. पानापानावर छाती, कंबर, खांदा, बाही असे रकाने छापलेले आहेत, त्यांच्यावरूनच आडवं लिहितोय. चाळीस वर्षं लोकांची मापं लिहिली, आता चार ओळी स्वतःच्या.

घरात आम्ही दोघं. पुढच्या खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन, मागच्या खोलीत भाडेकरू. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा लांब असतो. रविवारी फोन करतो, तिकडे हवा कशी आहे विचारतो, मी सांगतो आणि फोन संपतो.

भाडेकरू जुलैत आले. करार वर्षाचा, म्हणजे येत्या जूनअखेरपर्यंत. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहेत, गावभरच्या नळांचं पाणी तपासतात. मी त्यांना पाणीवाले म्हणतो आणि त्यांना ते चालतं. पस्तिशीचे असतील, एकटे आहेत, बोलणं मोजून मापून. पेला आधी नाकाशी नेतात, मग तोंडाला लावतात. पहिल्या दिवशी मला राग आला होता, माझ्या घरच्या पाण्यावर संशय म्हणून. तेव्हा म्हणाले, वास घेणं ही अर्धी नोकरीच आहे काका, यंत्राच्या आधी नाकाला कळतं.

माणूस सरळ आहे, फक्त त्यांचा कोट माझ्या डोळ्यांत खुपतो. तपकिरी, जाड लोकरीचा, कापड असं की आता मिळायचं नाही. पण खांदे चार बोटं उतरलेले, बाह्या पंजावर आलेल्या, घेर पोत्यासारखा. दाराशी खुंटीला टांगलेला असतो. येता जाता माझे हात शिवशिवतात.

१४ जानेवारी

आज रविवार, म्हणून जेवण एकत्र. मी बटाटे उकडले, त्यांनी अंडी केली. जेवता जेवता मी "अजून घे ना" म्हणून गेलो. जीभ चावली, पण ते हसले. म्हणजे आता तू म्हणायला हरकत नाही. सहा महिने तुम्ही तुम्ही करून माझंही तोंड दुखत होतं.

घरचं विचारलं. आई बहिणीकडे असते. वडील गेल्या मे महिन्यात गेले. मी खोदून विचारलं नाही. मग विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, कोट कुठून घेतलास? तर म्हणाला, "घरचाच आहे."

घरचा म्हणे. जुन्या बाजारातून घेतला असणार आणि सांगायला लाजतो. त्याचं वाईट वाटलं. शिकलेला माणूस, सरकारी नोकरी, आणि अंगावर दुसऱ्याच्या मापाचा कोट. रस्त्यात लोक पाठीवरूनच माणूस ओळखतात, हे याला कोणी सांगितलं नसेल.

२२ जानेवारी

पाणीवाला दहा दिवसांसाठी धरणावर गेला. तिथल्या तपासणीची पाळी आहे. खात्याने जाड जाकीट दिलंय, म्हणून कोट इथेच खुंटीवर ठेवला. जाताना मला म्हणाला, काका, गॅस बंद केला का ते दोनदा बघत जा. माझ्या मुलाने हे कधी म्हटलेलं नाही. अर्थात त्याला काय ठाऊक मी गॅसवर काय ठेवतो.

दिवसभर घर खायला उठलं होतं. संध्याकाळी कोट खुंटीवरून काढून टेबलावर पसरला. नुसता बघण्यासाठी.

२५ जानेवारी

तीन दिवस वहीला हात लावायला वेळ झाला नाही. वेळ नाही असं किती दिवसांनी लिहितोय.

कोट उसवला. माप घ्यायची गरजच नव्हती, सहा महिने तो माझ्या डोळ्यांसमोर उठतोय बसतोय. तरी दोरीवरचा त्याचा शर्ट लावून पाहिला आणि माझा अंदाज अर्ध्या बोटाचासुद्धा चुकला नाही. खांदे आत घेतले, बाह्या काढून नव्याने बसवल्या, पाठीची शिवण सरळ केली. आतल्या अस्तराला कुणीतरी काळ्या दोऱ्याने हे एवढाले टाके घातले होते. ज्याने घातले त्याला सुई धरता येत नव्हती. ते सगळे काढून टाकले आणि अस्तर बदललं. माझ्याकडे एक चांगला तुकडा होता, बायकोच्या कोटासाठी घेतलेला. तिचा कोट व्हायचा राहिला, हा तरी होऊ दे.

खिसे साफ केले. दातांनी चावलेला पेन्सिलीचा तुकडा, पेपरमिंटचे कागद, दिवा, दोरी, खिळे असं काहीबाही लिहिलेली चिठ्ठी. सगळं कचऱ्यात टाकलं. वास मात्र जाता जाईना. तंबाखूचा, जुना, कापडात मुरलेला. पाणीवाला तर बिडीकाडीला शिवत नाही. जुन्या कपड्याला पहिल्या मालकाचा वास असतोच. व्हिनेगरच्या पाण्याची वाफ दिली, दोन रात्री वाऱ्यावर टांगला, पुन्हा वाफ दिली. आता नाक खुपसलं तरी काही लागत नाही.

२७ जानेवारी

कोट झाला. एक गोष्ट खरी ती लिहितो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. कधी कपडा वाढवायचा झाला तर ती उपयोगी पडते. मला शिकवणारे मास्तर म्हणायचे, माया राखून काप, गिऱ्हाईक आज आहे तसं उद्या नसतं. पण लोकर जाड, शिवण फुगत होती. पाठीवर वळ दिसला असता. म्हणून सगळी माया कोरून काढली. हा आता कुठे जाड होणार आहे? एक अंडं खातो आणि पोट भरलं म्हणतो.

शिवण अशी बसली आहे की हात फिरवला तरी सापडत नाही. मास्तर असते तर काही बोलले नसते, आणि तीच त्यांची शाबासकी असायची.

२ फेब्रुवारी

आला. दुपारी आला, मी सकाळपासून तयार होतो. त्याला बूटही काढू दिले नाहीत. दिवा लावला, आरशासमोर उभं केलं, मागून कोट चढवला. बटणं मीच लावली. माझे हात थोडे थरथरले, वयच झालंय.

तो आरशात बघत राहिला. मग दोन्ही हात खिशांत घातले. मग कॉलर वर करून नाकाशी नेली. पाणीवाल्याची खोड, दुसरं काय. मी म्हटलं, हुंग किती हुंगायचं ते, काही राहिलेलं नाही. त्याने विचारलं, खिशात काही होतं का? मी म्हटलं, कचरा होता, टाकला.

"छान झालाय काका," म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. प्रवासाने दमला असणार, चेहरा उतरला होता. संध्याकाळी कचऱ्याची बादली घेऊन स्वतःच खाली गेला. बराच वेळ आला नाही. आल्यावर मी सांगितलं, मंगळवारीच कचरा उचलून नेतात, तू नसताना मी सगळं वेळच्या वेळी केलंय. तो हात धूत उभा होता. हो म्हणाला.

११ फेब्रुवारी

खात्याचं जाकीट घालूनच कामावर जातो. मी म्हटलं, कोट? म्हणाला, खराब होईल. हे मी समजू शकतो. चांगल्या वस्तूची माणसाला भीती वाटते.

दोन रविवार जेवायला नव्हता. कामाचा ताण असेल. मी बटाटे दोघांचे उकडतो आणि सोमवारी उरलेले खातो.

२६ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाकीट होतं. आत टाइप केलेलं पत्र. काही वैयक्तिक कारणामुळे कराराची मुदत संपण्यापूर्वी, एकतीस मार्चला, खोली सोडत आहे. करारात ठरल्याप्रमाणे एक महिना आधी कळवत आहे. आपण दिलेल्या वागणुकीबद्दल आभारी आहे.

दोन पावलांवर राहणाऱ्या माणसाने मला पत्र लिहिलं.

ताईला फोन केला. ती म्हणाली, तू काही बोललास का त्याला? मी म्हटलं, एक शब्द नाही, उलट कोट शिवून दिला. ती म्हणाली, मागितला होता का त्याने? मी म्हटलं, मागितल्यावर देतात ते गिऱ्हाइकाला. ती म्हणाली, "अरे, तू पोरालाही असंच न मागता शिवून द्यायचास. तो पंधरा वर्षांचा झाला आणि दुकानातून तयार शर्ट घेऊन आला, तेव्हा तू आठ दिवस जेवला नव्हतास." मला ते आठवत नाही. चारच दिवस असतील. आणि त्याचा इथे काय संबंध? ताईचं हे असंच, आजचं विचारावं तर वीस वर्षांपूर्वीचं काढते.

३ मार्च

कारण सापडलं. मशीनचा आवाज. भिंत पातळ आहे आणि मी सकाळी सातला सुरू करतो. आज मशीन उघडून तेल घातलं, पायांखाली रबराचे तुकडे दिले. संध्याकाळी चालवून दाखवलं. म्हणाला, आवाजाचा मला कधीच त्रास नव्हता काका. म्हणजे आवाज नाही.

९ मार्च

न्हाणीघराचा नळ. ठिबकतो, आणि हा तर पाण्यातला माणूस. त्याला ते टोचत असणार. नळवाल्याला बोलावून नवा बसवला. पाणीवाल्याने नळ उघडला, बंद केला, छान झालं म्हणाला. मग मी गादी दाखवली, कापूस पिंजून घेतलेली. तीही छान म्हणाला. खिडकीची कडी, छान. हा छान शब्द आता माझ्या डोक्यात जातो. याने एकदा तरी म्हणावं, की काका, हे वाईट आहे.

आज त्याच्या खोलीबाहेर उभा होतो. दार वाजवणार होतो पण काय सांगणार, कारण दुरुस्त करायला आता काही उरलं नव्हतं. आतून खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. चहा ठेवायला गेलो आणि गॅस लावायचाच विसरलो. हे ताईला सांगायचं नाही.

२१ मार्च

शेवटी विचारलं. दुपारी तो पेले कागदात गुंडाळत होता. मी समोरची खुर्ची ओढली आणि म्हटलं, मी जुना माणूस आहे, पत्राचं मला कळत नाही, तोंडाने सांग काय चुकलं.

बराच वेळ तो पेलाच गुंडाळत राहिला.

"काका, तो कोट माझ्या वडिलांचा होता."

मी म्हटलं, घरचा म्हणालास ना. तो म्हणाला, हो, घरचाच. अस्तराचे टाके आईने घातलेले, तिला नीट दिसेनासं झालं तेव्हाचे. चिठ्ठी वडिलांच्या हातची होती. आणि वास होता. रोज सकाळी दारातून निघताना कॉलर वर करायचो, तेवढंच. हे सगळं तो पाण्याचा अहवाल वाचावा तसं सांगत होता, आवाज न चढवता. मी विचारलं, मग त्याच दिवशी का नाही बोललास? म्हणाला, तुम्ही दिवा लावून ठेवला होतात, बटणं लावताना तुमचे हात थरथरत होते. मी कसं बोलणार होतो?

"तुमच्यावर रागवायला हवं, ते होत नाही. आणि तुमच्यासमोर बसून रोज काही झालं नाही असं दाखवणंही आता होत नाही. म्हणून जातोय."

मग मी जे बोललो ते लिहून ठेवतो, कारण वहीपाशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "पण बसलाय तर छान ना?"

तोंडून गेलं. चाळीस वर्षांची सवय.

तो म्हणाला, "हो. अगदी माझ्या मापाचा झालाय."

२४ मार्च

त्याला विचारून कोट पुन्हा टेबलावर घेतला. या वेळी विचारलं. एक शिवण उसवली आणि हात थांबले. वाढवायला आत काहीच नाही. दोन दोऱ्यांएवढी कड सोडली आहे मी. खांद्याला जोड देता येईल, बाहीला पट्टी लावता येईल, पण ते कापड नाही, आणि जोड दिलेला कोट काही त्याच्या वडिलांचा कोट होणार नाही. कापलेले तुकडे जानेवारीतच गेले. मी घर स्वच्छ ठेवणारा माणूस आहे.

उसवलेली शिवण परत घातली. याहून वाईट काम मी कधी केलं नाही, आणि टाके मात्र एकसारखे पडले.

२६ मार्च

आज वेडेपणा केला. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तंबाखू मागितली. दुकानदाराने विचारलं कुठली, तर मला सांगता येईना. मी म्हटलं, साठीच्या माणसाची. तो हसला. चार प्रकारच्या पुड्या घेतल्या, घरी येऊन एकेक उघडून हुंगल्या. जानेवारीत दोन दिवस ज्या वासाशी मी झगडलो तो वास मला ओळखताच येत नव्हता. पाणीवाल्याला विचारावं का? मग तो चारही हुंगून, यातली एकही नाही, असं सांगेल. किंवा यातली ही, असं सांगेल. दुसरं जास्त वाईट.

ताईला सांगितलं. मला वाटलं, आता तोंडसुख घेईल. ती म्हणाली, "अरे वेड्या, राहू दे आता." आणि मग बराच वेळ फोन ठेवलाच नाही तिने. तिचा फोन कधी इतका शांत नसतो.

पुड्या चारही टाकून दिल्या.

३१ मार्च

गेला.

दोन खोकी आणि एक पेटी. गाडीवाला खाली थांबला होता. खोली झाडून, नळ पुसून, किल्ली टेबलावर ठेवून बाहेर आला, तर अंगात कोट. बाहेर ऊन मी म्हणत होतं, लोक बिनबाह्यांच्या कपड्यांत फिरत होते. मी म्हटलं, अहो, उकडेल. माझ्या तोंडात आपोआप अहो आलं. ते म्हणाले, असू दे काका. पाया पडायला वाकल्यासारखे झाले आणि मध्येच उभे राहिले. मीही हात वर नेऊन खाली घेतला. शेवटी मी कॉलर सारखी केली. सारखीच होती.

खिडकीतून पाहिलं. खोकी ठेवताना हात वर गेले तरी पाठीवर एक वळी पडली नाही. खांदा जिथे संपायला हवा तिथे संपत होता. बाही मनगटाच्या हाडाशी. इतका बसलेला कोट मी आयुष्यात शिवला नाही. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, याच्यासाठीच शिवलेला आहे, याच्या आधी तो कोणाचा नव्हता.

गाडी वळेपर्यंत उभा होतो. मग बसलो.

७ एप्रिल

मुलाचा फोन आला. हवा कशी आहे विचारलं. मी सांगितलं. मग मीच विचारलं, तुझा तो पहिला तयार शर्ट कुठला होता रे, रंग कुठला? तो म्हणाला, निळा, का? मी म्हटलं, काही नाही, सहज. चांगला होता का, विचारलं. तो म्हणाला, खांद्यात सैल होता बाबा. आणि मग म्हणाला, पण मला आवडायचा.

मी म्हटलं, हं.

१३ एप्रिल

दुपारी एक बाई खोली बघायला आल्या. दवाखान्यात औषधं देण्याचं काम करतात, इथे नव्याने बदली झाली आहे. ताईनेच कोणाकडून तरी पाठवल्या. बोलायला नीट, पायपुसण्यावर पाय पुसून आत आल्या. अशा भाडेकरूला माणूस दारातूनच हो म्हणतो.

मी म्हटलं, खोली दिलेली आहे. जूनअखेरपर्यंत करार आहे.

त्या म्हणाल्या, पण मला तर रिकामी आहे असं सांगितलं. आणि मागच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यांना पलंग दिसत होता, गुंडाळलेली गादी दिसत होती.

"कामावर गेलेत," मी म्हणालो. "संध्याकाळी येतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरं म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मी दार लावलं आणि आत येऊन मागच्या खोलीचंही दार ओढून घेतलं.